पाठमोरा पहारेकरी

आमचे हे आयुष्यभर संशोधनाच्या कामात होते, असं मी सांगितलं की दुकानात आलेलं गिऱ्हाईक जरा आदराने बघतं. माझं चष्म्याचं दुकान आहे. समोरचा माणूस हनुवटी टेकवून यंत्रात डोळा लावून बसलेला असतो, त्याला कुठे पळताही येत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे शास्त्रज्ञ का?" "छे हो," मी म्हणते, "शास्त्रज्ञांकडे पाठ करून उभे राहायचे." मग ते हनुवटी काढून माझ्याकडे बघतात, आणि मला पुढची सगळी हकिकत सांगायला मोकळं रान मिळतं. मला बोलायला आवडतं. ह्यांना बोलायला लागलं की त्रास होतो. आमचा संसार टिकला तो बहुतेक याच वाटणीमुळे.

तर पाठ करून उभं राहण्याची गोष्ट. उत्तर ध्रुवाच्या बाजूला समुद्र गोठतो. दर वसंतात एक जहाज तिकडे जातं, त्या गोठलेल्या समुद्रात स्वतःला अडकवून घेतं, आणि त्यातून शास्त्रज्ञ शिडीने बर्फावर उतरतात. ते बर्फाला भोकं पाडतात, त्याची जाडी मोजतात, बर्फाचे लांब दंडगोल उपसून काढतात, ते किती गार आहेत, किती खारट आहेत ते बघतात. हे सगळं ओणवं होऊन किंवा गुडघ्यांवर बसून चालतं, कान टोप्यांत गुंडाळलेले, वर ड्रिलचा आवाज. आणि तिथे पांढरी अस्वलं असतात. अस्वलाला त्याचं रोजचं खाणं असलेला सील नावाचा प्राणी आणि शास्त्रज्ञ यांतला फरक फारसा महत्त्वाचा वाटत नाही. म्हणून प्रत्येक गटाबरोबर एक पहारेकरी असतो. खांद्याला बंदूक, कमरेला मोठ्ठा आवाज करणारं पिस्तूल, गळ्यात दुर्बीण. त्याने कामाकडे पाठ करायची आणि बर्फाकडे तोंड. नियम कडक आहे. पहारेकऱ्याने कामाला हात लावायचा नाही, वळून बघायचं नाही. मागे कोणी धपकन पडलं तरी उचलायला बाकीचे आहेत.

आमचे हे मूळचे बंदरावरच्या गोदामाचे पहारेकरी. सुट्टीच्या दिवशी शहरातल्या नेमबाजीच्या क्लबात जायचे, तेवढा एकच शौक. एके वर्षी मोहिमेच्या जहाजावरचा पहारेकरी निघायच्या आदल्या दिवशी जिन्यावरून पडला आणि पाय मोडून घेतला. जहाज बंदरात उभं, सामान चढलेलं, आणि माणूस नाही. कोणीतरी गोदामाकडे बोट दाखवलं. हे घरी आले, म्हणाले, "जरा उत्तरेला जाऊन येतो." मला वाटलं, उत्तरेकडच्या गोदामात बदलीवर चाललेत. मी डबा भरून दिला. जहाज सुटल्यावर बंदरावरच्या कारकुनाने मला समजावून सांगितलं, कुठली उत्तर ती. परत आल्यावर आमच्यात जे काही झालं ते शेजाऱ्यांच्या अजून लक्षात आहे.

पण पुढच्या वर्षी जहाजाने ह्यांनाच मागून घेतलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. डोळ्यात तेल घालून पहारा करणं म्हणजे काय ते मला ह्यांच्याकडे बघून कळलं. अस्वलं आली नाहीत असं नाही. आली, पण ती लांब ठिपक्याएवढी असतानाच ह्यांना दिसायची, आवाजाच्या गोळीने बिचकायची आणि वाट बदलायची. ह्यांच्या इतक्या वर्षांच्या पहाऱ्यात ना एका माणसाला ओरखडा आला, ना एका अस्वलाला गोळी लागली. अस्वलाबद्दल विचारलं तर हे म्हणायचे, "अगं, घर त्याचं आहे. आपण घुसलोय." बंदूकवाल्याच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला तेव्हाही बरं वाटायचं, आताही वाटतं.

पहारेकऱ्याला आणखी एक अधिकार असतो. धुकं आलं, पुढचं दिसेनासं झालं, की त्याचा शब्द शेवटचा. त्याने "चला" म्हटलं की हातातलं काम टाकून जहाजावर परतायचं, मग मोजमाप कितीही रंगात आलेलं असो. मोहिमेच्या प्रमुखबाई, म्हणजे सगळ्या जहाजाला दरडावणारी बाई, एकदा ह्यांच्यावर जाम भडकल्या होत्या. दोन दिवस फसून तिसऱ्या दिवशी जुळून आलेलं काम ह्यांनी धुक्यापायी थांबवलं. अस्वल आलं नाही, धुकंही लगेच विरलं. म्हणजे हे बरोबर होते असं काही सिद्ध झालं नाही. तरी दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बाईंनी स्वतः उठून ह्यांच्यासाठी खुर्ची ओढली. मला हे दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं. ह्यांनी घरी येऊन सांगितलं होतं की नाश्ता बरा असतो.

कामाकडे बघायचं नाही, पण कान काही मिटता येत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत मागे ड्रिल बराच वेळ घरघरायचं, थांबायचं, ड्रिल खालपर्यंत पुरेना म्हणून "दांडा जोडा" अशी हाक यायची, परत घरघर, परत "आणखी एक जोडा". वर्षं गेली तसतशी ही हाक कमी झाली. एकदा घरी बुटांना पॉलिश करता करता हे सहज बोलून गेले, "हल्ली दांडा जोडायला सांगत नाही कोणी. ड्रिल लावलं की पाणीच लागतं." आमची लेक तेव्हा शाळेत होती, टेबलाशी गृहपाठ करत होती. तिने विचारलं, "का?" ह्यांना सांगता येईना. ती म्हणाली, "मग तुम्ही विचारत का नाही?" हे म्हणाले, "मी तिकडे बघत नाही ना."

त्या 'का'च्या मागे ती पोर जी लागली ती आजतागायत. घरात तिला बारकी म्हणतात. आता ती माझ्यापेक्षा डोकंभर उंच आहे, पण नाव तेच राहिलं. भौतिकशास्त्र, मग समुद्र, मग समुद्राचा बर्फ. मला तिने दुकानात बसून समजावलं होतं. सगळं जग तापतंय, पण तिकडचा भाग जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने तापतोय. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, बर्फ वितळला की खालचं काळं पाणी तेच ऊन पिऊन घेतं, आणखी तापतं, आणखी बर्फ वितळतो. "वरून उपग्रह बघतोच की," मी म्हटलं. ती म्हणाली, "आई, उपग्रहाला वरून अंदाज येतो. पण बर्फावर साचलेलं भुसभुशीत हिम त्याला फसवतं. खाली कोणीतरी उभं राहून खरंच भोक पाडून मोजावं लागतं, मग उपग्रहाचं बरोबर की चूक ते कळतं." कोणीतरी उभं राहून, हे तिने म्हटलं तेव्हा तिच्या बापाची आठवण मला आली, तिलाही आली असणार.

आता ह्यांच्या सवयीबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. इतकी वर्षं लोकांकडे पाठ करून उभं राहिल्याने ह्यांना दुसरं काही जमेनासं झालं. उपाहारगृहात गेलो की हे खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करणार. बागेत बसलो की मी तळ्याकडे बघते, हे झाडीकडे. आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत मी आहे, बारकी आहे, आणि एक रुंद पाठ आहे. यावरून मी ह्यांना पुष्कळ पिडलं. पण बारकीला पदवी मिळाली त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. सभागृह खचाखच भरलेलं. तिचं नाव पुकारलं, ती मंचावर गेली, पदक गळ्यात पडलं, मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले, आणि वळून बघते तर हे मंचाकडे पाठ करून, हाताची घडी घालून, सभागृहाच्या दारांवर नजर ठेवून उभे. "अहो, झालं की तिचं," मी म्हटलं. हे दचकून वळले. मंचावर पुढचा मुलगा होता. मी घरी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या बाबतीत ती फार मोठी शिक्षा असते. हे रात्री जेवले नाहीत. बारकी हसण्यावारी नेत म्हणाली, "बाबा, तुम्ही पहाऱ्यावर होतात म्हणून तर मी निर्धास्त चालत गेले." तिने कितीही म्हटलं तरी ह्यांना ते लागलं. लेकीला कधी काम करताना, काही मिळवताना आपण आपल्या डोळ्यांनी बघितलंच नाही, ही बोच राहिली ती राहिलीच.

मग गेल्या वर्षी बातमी आली की पुढच्या मोहिमेत बारकीचा स्वतःचा गट असणार. ती प्रमुख, आणि पहारेकरी म्हणून हे. वयोमानाने ह्यांची ती शेवटचीच खेप. मी म्हटलं, "बघा, शेवटी बघायला मिळणार पोरीचं काम." हे म्हणाले, "बघायला कसलं मिळणार? पाठच असणार माझी." मग म्हणाले, "पण ऐकू तर येईल." एवढ्यावरही हे खूश होते. एरवी घरात गंभीर चेहऱ्याने वावरणारा माणूस, पण त्या आठवड्यात न्हाणीघरात शीळ घालताना मी ऐकलं.

आणि मग एक दिवस दुपारी हे माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "जरा डोळे तपास." हे आपण होऊन म्हणताहेत म्हटल्यावर मी हातातली फ्रेम खाली ठेवली. मी कारण विचारलं. आधीच्या मोहिमेत ह्यांनी एकदा धुकं आलं म्हणून काम थांबवलं होतं, आणि शेजारच्या गटाचा पहारेकरी म्हणाला होता, "धुकं? कुठे आहे धुकं?" हे मनातल्या मनात घेऊन हा माणूस इतके महिने हिंडत होता.

अक्षरांचा तक्ता ह्यांनी धडाधड वाचला. तो माझ्या भिंतीवर लग्नापासून आहे, झोपेतही म्हणून दाखवतील. म्हणून मी चौकटींचा कागद काढला. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का सांगायचं. हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मधल्या चौकटी कुठे गेल्या?" मी कागद सरळ केला, दिवा सरळ केला, पण दोष कागदात नव्हता. दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग, डाव्यात सुरुवात. ऑपरेशनने जाण्यासारखा नाही. चालणं, फिरणं, जवळचं काम, काही अडणार नाही. पण लांबचं, नेमकं, पांढऱ्यावरचं पांढरं हेरायचं काम या डोळ्यांचं राहिलं नाही.

मी स्पष्टच सांगते, मी ह्यांना गप्प राहायला सांगितलं. "जहाजावर जाण्याआधी तुमच्याकडून अक्षरंच वाचून घेतात ना? तुम्ही वाचाल. एवढी एक खेप करा. दुसरा पहारेकरी असतोच आसपास." अजूनही मला वाटतं की कोणतीही बायको हेच म्हणाली असती. हे चिडले नाहीत. खुर्चीत तसेच बसून म्हणाले, "अगं, ती माणसं दिवसभरात एकदाही मान वर करून बघत नाहीत, की हा जागेवर आहे का. त्यांना बघावंसंच वाटत नाही. मी आयुष्यात कमावलं ते एवढंच. आणि आता त्यात आपली बारकी असणार." मग माझ्याच दुकानाच्या फोनवरून ह्यांनी प्रमुखबाईंना फोन लावला आणि जे आहे ते सांगून टाकलं. मी काचा पुसत होते. कुठली काच किती वेळा पुसली ते विचारू नका. नवऱ्याचा इतका अभिमान मला त्याआधी वाटला नव्हता, आणि इतका रागही आला नव्हता. दोन्ही एकदमच होतं.

पलीकडून बाईंनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाल्या, "बंदूक घरी ठेवा. तुम्ही या."

"कशाला?"

"नवीन पहारेकरी घेतेय. अग्निशमन दलातून आलेली बाई आहे, निशाणा पक्का, पण बर्फ कधी बघितलेला नाही. तिला चार दिवस शिकवा. नंतर सामानाची स्लेज ओढा."

"कुठल्या गटाची?"

"तुमच्या लेकीच्या. दुसऱ्या कोणाला म्हातारा हमाल परवडणार आहे?"

बारकीला कळल्यावर ती हळहळेल, बापाची समजूत घालेल, असं मला वाटलं होतं. ती फोनवर फक्त म्हणाली, "बाबा, बरं केलंत." ह्यांनी मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे ह्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. दोघंही एकाच मुशीतले, मी मध्ये उगाचच जीव टांगणीला लावून बसलेली.

मोहीम पार पडली. परतल्यावर दोघं एकदमच दारात उभी राहिली, नाकं सोललेली, ओठ फुटलेले. मी जेवण वाढलं. आणि त्या दिवशी आमच्या घरात एक आक्रीत घडलं. हे बोलायला लागले.

पहिले काही दिवस, हे सांगू लागले, त्या नव्या पहारेकरीणबाईच्या शेजारी उभं राहून शिकवण्यात गेले. बर्फाच्या कड्यांमागच्या सावल्या कशा तपासायच्या, दुर्बीण कुठून कुठे फिरवायची, वारा कुठून येतोय त्यावर कुठे उभं राहायचं. मग एके सकाळी ती बाई म्हणाली, "आता तुम्ही जा. तुम्ही शेजारी असलात की मी तुमच्यावर विसंबते, आणि ते बरं नाही." ह्यांना ते पटलं. हे स्लेजपाशी गेले, सामान उतरवून दिलं. आणि मग...

"आणि मग काय, उभे राहिले," बारकी म्हणाली. "आमच्याकडे पाठ करून. बंदूक नाही, दुर्बीण नाही, काम नाही, तरी पाठ करून. सगळा गट बघतोय. मी दोनदा हाक मारली, तर 'हं' म्हणाले आणि तसेच उभे."

"सवय," हे म्हणाले.

"मग मी उठून बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले." बारकीने ताट बाजूला सारलं. "मी दोन्ही खांदे धरले. म्हटलं, बाबा, तिकडे दुसरं कोणीतरी बघतंय. तुम्ही आता माझ्याकडे बघा."

आणि तिने ह्यांना धरून वळवलं.

पुढचं ह्यांनी सांगितलं, आणि असं सांगितलं की मी घास हातात धरून बसले. बारकीने ह्यांना लांब ठेवलंच नाही. नेलं ते थेट भोकापाशी, हातभर अंतरावर गुडघ्यांवर बसवलं. तेवढ्या अंतरावरचं ह्यांना चांगलं दिसतं. तिने ड्रिल चालवलं, पाय कसे रोवले, खांद्याने भार कसा दिला ते ह्यांनी उठून करून दाखवलं. बर्फाचा दंडगोल वर आला तो पन्हळीत ठेवला आणि ह्यांना धरायला लावला. "बाळाला धरतात तसा धरलेला," बारकी म्हणाली. तिने त्याला ठरावीक अंतरावर बारीक छिद्रं पाडली, प्रत्येकात तापमापी घातली, आकडा मोठ्याने सांगितला, पुढच्या छिद्राकडे गेली. सगळं झपाट्याने, कारण बर्फ उपसल्या क्षणापासून तापायला लागतो. मग भोकातून फीत सोडली. तिच्या टोकाचं वजन खाली गेल्यावर आडवं होतं आणि बर्फाच्या तळाला अडकतं. फीत ताणून बारकीने आकडा वाचला. एक मीटरसुद्धा नव्हता.

"आकडा सांगितला की मागे सगळे गप्प व्हायचे, ते मी कित्येक वर्षं ऐकत होतो," हे म्हणाले. "मला वाटायचं, दमल्यामुळे. तसं नसतं ते. सगळे एकमेकांकडे बघतात."

"आणि ही?" मी विचारलं.

"हिचा चेहरा उतरला. बघवत नव्हता. जिथे माझ्या पहिल्या खेपांना दांड्यावर दांडा जोडायचे, तोच भाग आहे तो. मला वाटलं, आता ही रडणार. तर ही उठली, ड्रिल उचललं, थोडी पुढे गेली आणि दुसरं भोक पाडायला बसली."

"एका भोकावर भरवसा ठेवता येत नाही, बाबा," बारकी म्हणाली. "आपल्याला जे वाटतंय ते खरं धरायचं नसतं. मोजायचं असतं."

"तेच तर सांगतोय मी तुला," हे माझ्याकडे वळून म्हणाले. "दुसरं पाडलं, मग तिसरं. हात गारठून वाकत नव्हते. मी हातमोजे पुढे केले तर म्हणाली, आधी आकडा. सगळा गट हिच्या मागून गुपचूप चालत होता. अगं, आपली बारकी. तिथे सगळे हिचं ऐकतात."

हे सांगताना ह्यांची पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. खुर्ची टेबलाकडे होती, तोंड लेकीकडे होतं. पाठीमागे दार सताड उघडं राहिलं होतं, सामान आत घ्यायच्या गडबडीत कोणीच लावलं नव्हतं, आणि ह्यांच्या ते गावीही नव्हतं. डागामुळे हे तिच्याकडे जरा तिरकं बघतात, म्हणजे मग चेहरा दिसतो. तसं तिरकं बघत, हातांनी भोकाची खोली दाखवत, गार झालेलं जेवण पुढ्यात ठेवून हे बोलत राहिले. मी मध्ये तोंड घातलं नाही. बारकीने दोनदा माझ्याकडे काळजीने बघितलं, आईला बरं नाही की काय म्हणून.

शेवटी न राहवून मी विचारलंच. "आणि अस्वलं? अस्वलं आली होती का?"

हे थांबले. खरंच आठवून बघत होते.

"कोण जाणे," हे म्हणाले. "मी बघत नव्हतो."